वरून ओतलेलं पाणी

“आय सोक हर.”

असं म्हणून वर्गाच्या मॉनिटरनं माझ्या डोक्यावर पहिला तांब्या ओतला. मी हिला भिजवतो. वाक्य बरोबर होतं. सर म्हणाले, “व्हेरी गुड. नेक्स्ट.”

दुसरी आली ती सुवर्णा. माझ्याच बाकावर बसणारी. “वुई सोक हर.” तिनं तांब्या उंच धरला होता आणि हात लांब केला होता. माझ्या केसाला बोट लागू नये म्हणून ती टाचा उचलून उभी होती. ती काळजी मला अजून दिसते. “व्हेरी गुड. नेक्स्ट.”

“ही सोक्स हर.” “दे सोक हर.” वर्तमानकाळ संपला, भूतकाळ सुरू झाला. मग चालू काळ, मग पूर्ण काळ. पौषातली सकाळ होती. मी फळ्याजवळ फरशीवर उभी. आठवीतली. बादली शाळेचीच, व्हरांडा पुसायची. सर खुर्चीत बसून चुका दुरुस्त करत होते. एकानं ‘सोकेड’ म्हटलं तर त्याला दोनदा म्हणायला लावलं. म्हणजे दोन तांबे.

बारामती सोडून इंदापूरच्या अंगाला निघालं की नीरा डाव्या कालव्याच्या काठानं उसाची गावं लागतात. त्यातलंच माझं एक. नाव सांगत नाही. सांगितलं तर लोक म्हणतील, त्या गावात असं झालं, आमच्यात नाही होत. सरांच्या घरचा ऊस कालव्याच्या दोन्ही बाजूंना होता. शाळेची संस्था त्यांच्या चुलत्यानं काढलेली. आम्ही मातंग. आमची वस्ती ओढ्याच्या पलीकडं, आणि कालव्याचा पाझर ओढ्यात यायचा म्हणून ओढ्याला बारमाही पाणी. सरांच्या उसाला पाणी कालव्याचं आणि आम्हाला त्याचा पाझर.

एक खरं सांगते. सरांना शिकवता यायचं. त्या दिवशी त्यांनी ‘सोक’ शिकवलं तसं मला आजपर्यंत कुणी शिकवलं नाही. म्हणाले, “वेट म्हणजे नुसतं ओलं. डिप म्हणजे बुडवून लगेच काढणं. सोक म्हणजे पाणी आत जाईपर्यंत ठेवणं. कपडे सोक करतात. डाळ सोक करतात. पावसात चिंब झालात तरी तुम्ही सोक्ड. जमीन पाणी पिते, तेही सोक. पाणी आत गेलं पाहिजे. आत गेलं नाही तर ते सोक नाही.” मी वहीत उतरवून घेतलं. इंग्रजी मला फार आवडायचं. नववीला सेमी इंग्रजीच्या तुकडीत कुणाला घ्यायचं ते सरच ठरवणार होते, आणि मला तिथं जायचं होतं.

मग सर म्हणाले, “आता घरचं वाक्य करा. पुस्तकातलं नको.”

मॉनिटर उठला. त्याचे वडील उसाचं बेणं लावायच्या आधी औषधाच्या पाण्यात भिजवतात. सरांनी ते फळ्यावर लिहिलं. सुवर्णाची आई हरभरा भिजवते. तेही लिहिलं. कुणाची आजी पापडाची डाळ भिजवते. लिहिलं. फळा भरत चालला होता आणि मी हात वर करून बसले होते. माझ्याकडं सगळ्यांत लांब वाक्य होतं. घरचं म्हणाले ना? घरचंच होतं.

“माय ग्रँडफादर सोक्स घायपात इन द स्ट्रीम फॉर फिफ्टीन डेज.”

व्याकरणाची एक चूक नव्हती. आजही काढून दाखवावी कुणी.

माझा आजा दोर वळायचा. त्याला आम्ही तात्या म्हणायचो. बांधावरची घायपाताची काटेरी पानं तोडून आणायची, ओढ्यात दगडाखाली पंधरा दिवस दाबून ठेवायची. पानांचा गर कुजतो, वास सुटतो. मग ती बडवायची, धुवायची, की आतून पांढरा लांब वाख निघतो. त्या वाखाचा दोर. गावातल्या एकूण एक बैलाच्या नाकातली वेसण आणि गळ्यातलं दावं तात्याच्या हातचं. बैलपोळ्याला बैल नव्या दाव्यांनी नटून निघायचे तेव्हा तात्या वेशीजवळ लांब उभा राहून बघायचा. हात कायम खाजरे, कायम वासाचे. माझे पण. शाळेला निघायच्या आधी मी त्याच्याबरोबर वाख धुवायची.

सरांनी खडू खाली ठेवला. माझं वाक्य फळ्यावर लिहिलं नाही.

“घायपात,” ते म्हणाले. “म्हणजे हा वास तिथनं येतो व्हय? मी म्हणत होतो रोज पहिल्या तासाला येतो कुठनं.” वर्ग हसला. “बरं, पंधरा दिवस भिजवून त्याचं होतं काय?”

“वाख होतो सर. त्याचा दोर होतो.”

“आणि नाही भिजवलं तर?”

“तर काही कामाचं नाही होत सर.”

“असं. मग हिला पण भिजवू. कामाची होईल.”

मला वाटलं, गंमत आहे. मी पण हसले. हे सांगायला लाज वाटते म्हणूनच सांगते. पहिला तांब्या पडेपर्यंत मी सगळ्यांबरोबर हसत होते.

एकवीस जणांची वाक्यं झाली. मी मोजली, कारण उभं राहून दुसरं काय करणार. मग घंटा झाली. सर म्हणाले, “बाहेर उभी राहा. वाळलीस की ये.” व्हरांड्यात माझ्या पाठीमागंच खेळाच्या सामानाची खोली होती. खिडकीतून रस्सीखेचीचा दोर दिसत होता. जाड, तीन पेडांचा. तात्यानंच वळून दिलेला. त्याला सगळी शाळा दोन्ही हातांनी धरायची आणि छातीशी ओढायची. तेव्हा कुणालाही वास यायचा नाही.

ओल्या अंगानं मी वर्गात परत गेलेच नाही. ओढ्यावर गेले. तात्या गुडघाभर पाण्यात उभा राहून पानं बडवत होता. त्यानं मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. कुठं पडलीस, असं विचारलं नाही.

“वरनं वतलं?”

“व्हय.”

“कुनी शिवलं न्हाय?”

“न्हाय.”

तो परत बडवायला लागला. बडवता बडवता बोलला. “आमाला पन असंच पाजायचं. आमी ओंजळ धरायची, त्यांनी वरनं धार सोडायची. पर ते तहानंला तरी व्हतं.”

मग म्हणाला, “आयला सांगू नगंस. ती जाईल तितं भांडाया, आन् तुजी शाळा सुटंल.”

मी सांगितलं नाही. ना आईला, ना कुणाला. सेमीच्या तुकडीत सरांनी मला घेतलं. भिजवून कामाची झाले होते ना.

दुसऱ्या दिवसापासून मी ओढ्यावर जायचं सोडलं. हाताला लिंबू चोळायला लागले. तात्यानं एकदाही बोलावलं नाही. त्यानं बोलवायला हवं होतं असं मला तेव्हाही वाटायचं आणि आताही वाटतं. बारामतीच्या कॉलेजात कुणी विचारलं तर सांगायचे, आजोबा शेती करायचे. कुठली शेती? घायपात तर दुसऱ्याच्या बांधावरचं. सणसरच्या बाजारात नायलॉनचे दोर आले, बैल गेले आणि ट्रॅक्टर आले. तात्याचं काम संपलं. मी बी.एड.ला असताना तात्या गेला. त्याला खांदा द्यायला आमचीच वस्ती होती. वेसणी घेणाऱ्यांपैकी कुणी नव्हतं.

मी इंग्रजीची शिक्षिका झाले. त्याच शाळेत. आमच्या भागात दुसरीकडं जागा नव्हती. तासांवरची नेमणूक, सहा वर्षं. कायमची ऑर्डर आज निघेल, उद्या निघेल. सर तोवर संस्थेचे सचिव झाले होते. समोर आले की मी वाकून नमस्कार करायचे. ते माझ्या डोक्यावर हात ठेवायचे नाहीत, हवेत धरायचे. मी म्हणायचे, असेल सवय.

दर वर्षी कुठल्या ना कुठल्या धड्यात ‘सोक’ यायचा. मी फळ्यावर लिहायचे, माय मदर सोक्स हरभरा. पोरांना घरचं वाक्य करा असं कधी म्हटलं नाही. माझ्या वर्गात वीटभट्टीवरची मुलं होती, कुणाची आई भट्टीवर माती भिजवायची. कुणाचा बाप हॉटेलातली खरकटी भांडी भिजत घालायचा. मला सगळं माहीत होतं. तरी सहा वर्षं मी हरभराच भिजवत राहिले. सरांनी मला एकदा भिजवलं. पुढचं काम मी स्वतःच करत होते.

गेल्या हिवाळ्यात सरांचा नागरी सत्कार ठरला. हेडसरांनी मला बोलावून घेतलं.

“तुमी बोलायचं. माजी विद्यार्थिनी, तुमच्या समाजातल्या, आणि आता त्यांच्याच इशयाच्या शिक्षिका. लई शोभून दिसतंय. तुमचाबी सत्कार ठेवलाय.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “ऑर्डर तयार हाय. सही त्यांचीच लागती. दोन शब्द गोड बोला.”

मी गोड भाषण लिहिलं. पाठ केलं. हे पण लपवत नाही. मला ती नोकरी पाहिजे होती. आईचे गुडघे गेले होते आणि तरी ती खुरपायला जात होती. मी आईला सांगितलं, तुझ्या लेकीचा सत्कार आहे. ती जत्रेतलं लुगडं नेसून आली. मांडवात पुढं खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी जाऊन शेवटच्या रांगेत बसली.

आधी सरांचं भाषण झालं. शिकवण्यातल्या गमती सांगत होते. लोक खूश. आणि मग म्हणाले, “एका पोरीला मी क्रियापद कसं शिकवलं, सांगतो.”

मी खुर्चीच्या दांड्या धरल्या.

त्यांनी सगळं सांगितलं. हातवारे करून. वास, बादली, तांब्या, ‘आय सोक हर, वुई सोक हर’. वाक्य विसरले नव्हते. पोरगी कशी चिंब झाली आणि तरी कशी खुळ्यासारखी दात काढत होती, ते पण करून दाखवलं. मांडव हसत होता. शेवटच्या रांगेत आई हसत होती. सगळे हसतायत म्हणून, मोठे लोक बोलतायत म्हणून, तोंडाला पदर लावून.

“आणि घायपात भिजल्यावर दोर होतो तसं झालं बघा,” सर म्हणाले. “ती पोरगी आज इंग्रजी शिकवतीय. ही इथं बसलीय.” बोट माझ्याकडं.

आईचा पदर तोंडावरच राहिला. हसू थांबलेलं मला दिसलं. टाळ्या वाजत होत्या.

मला शाल दिली, नारळ दिला, माईकसमोर उभं केलं. पाठ केलेलं भाषण ओठावर होतं. वंदनीय गुरुवर्य. तेवढंच म्हणायचं होतं, पुढचं आपोआप आलं असतं आणि ऑर्डर पण आली असती. मी आईकडं बघितलं. तिनं मान खाली घातली होती. हसली म्हणून.

मी म्हटलं, “माय ग्रँडफादर सोक्स घायपात इन द स्ट्रीम फॉर फिफ्टीन डेज.”

लोकांना वाटलं, मी पण गंमत सांगणार. काही आधीच हसले.

“हे माझं वाक्य होतं,” मी म्हटलं. “सगळ्यांची वाक्यं सरांनी फळ्यावर लिहिली. हे लिहिलं नाही. नंतर एकवीस जणांनी माझ्या डोक्यावर वरून पाणी ओतलं. मला न शिवता. सरांनी ओतायला लावलं. मी तेरा वर्षांची होते. त्यांतले सात जण आत्ता या मांडवात बसलेत. नावं घेऊ का?”

हसणं बंद झालं. दुसऱ्या रांगेत सुवर्णा होती, भारी साडीत, मांडीवर मूल. तिनं मुलाची टोपी सारखी करायला घेतली. ती सारखीच होती.

“अगं, गंमत होती ती,” सर बसल्या जागेवरून म्हणाले. हसूनच. “इतकी वर्षं मनात धरून ठेवलंस व्हय?”

“मी धरलं नाही सर. ते आत गेलं. तुम्हीच शिकवलं होतं, पाणी आत गेलं पाहिजे. आत गेलं नाही तर ते सोक नाही.”

हेडसरांनी खूण केली आणि माईक बंद झाला. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो, सहा वर्षं तेच काम केलंय. उरलेलं मी बिनमाईकचं बोलले. “मी शिकले ते माझ्या आजामुळं शिकले. भर ओढ्यात उभा राहून त्यानं मला सांगितलं, आईला सांगू नको, शाळा सुटंल. माझी शाळा सुटू नये म्हणून तो गप्प बसला. त्याचं श्रेय तुम्ही घेऊ नका. ते मी देणार नाही.”

शाल खुर्चीवर ठेवली. नारळ शालीवर ठेवला. आईचा हात धरून बाहेर आले. आमच्या मागं कुणी आलं नाही.

रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. आम्ही कडेनं चालत होतो. आई बोलली.

“मी हसले गं.”

“तुला ठावं नव्हतं आई.”

“पर हसले.” परत थोडं चालली. “तात्यास्नी ठावं व्हतं?”

“व्हय.”

“म्हातारा मेला पर बोलला न्हाय,” ती म्हणाली आणि रस्त्यातच खाली बसली. मला वाटलं, गुडघे दुखतायत. ती रडत होती. तात्यासाठी ती तो मेला तेव्हा पण अशी रडली नव्हती.

चार दिवसांनी शाळेचा शिपाई दोन कागद घेऊन दारात आला. एक ऑर्डर. सही केलेली, कायमची. दुसरा टाईप केलेला माफीनामा. भर सभेत ज्येष्ठांचा अवमान केला, बिनशर्त माफी मागते, सदर प्रसंग विनोदाचा होता हे मान्य करते. खाली माझं नाव, सहीला जागा. मागोमाग हेडसरांचा फोन. “सरच दोन्ही देतायत, मोठं मन हाय. सही करा, ऑर्डर ठिवून घ्या. पोटाचा इचार करा.”

मी आईला दोन्ही कागद वाचून दाखवले. ती म्हणाली, “तुला नोकरी पायजे?”

“पायजे.”

“मला भ्या वाटतंय म्हनून सही करू नगंस. मला लई भ्या वाटतंय. पर त्यासाठनं नगं.”

ऑर्डरवर मी बोट फिरवलं. शाई सरांचीच होती. सहा वर्षं वाट बघितलेला कागद असा हातात होता आणि मी खोटं सांगणार नाही, माझा हात पेनकडं दोनदा गेला. तिसऱ्यांदा पेन उचललं आणि माफीनामा उलटा केला. पाठीमागची बाजू कोरी होती. तिथं मी आधी ते इंग्रजी वाक्य लिहिलं. आजोबाचं. मग मराठीत लिहिलं.

‘हे वाक्य बरोबर आहे. ते आठवीच्या वर्गातल्या फळ्यावर लिहावं. सरांनी, स्वतःच्या हातानं. ज्या एकवीस जणांनी त्या दिवशी वाक्यं केली, त्यांनी समोर बसून ते मोठ्यानं वाचावं. त्यानंतर माफीचं बोलू, आणि कुणी मागायची तेही तेव्हाच ठरवू.’

सही केली. दोन्ही कागद शिपायाच्या हातात दिले. तो ऑर्डरकडं बघून म्हणाला, “ही तर ठिवा की ताई.” मी म्हटलं, “दोन्ही न्या.”

नोकरी गेली. तासही गेले. आई अजून खुरपायला जाते आणि त्याचा मला त्रास होतो. कुणी म्हणतं, अभिमान वाटत असेल. नाही वाटत. राग येतो, आणि तो कमी व्हावा असं मला वाटत नाही.

वस्तीतल्या समाजमंदिरात मी आता इंग्रजीचा वर्ग घेते. भिंतीवर काळा रंग मारून फळा केलाय. आमची मुलं येतात, भट्टीवरची येतात, पावसाळ्यात उसाच्या आडसाली लागणीला आलेल्या मजुरांची येतात. क्रियापद शिकवलं की सांगते, वाक्य घरचं करायचं. जे येईल ते फळ्यावर जातं. माती भिजते, खरकटी भांडी भिजतात, घायपात भिजतं. एकही वाक्य मी सोडत नाही.

आणि दुसरी गोष्ट पहिल्याच दिवशी सांगते, कारण ती मला कुणी सांगितली नव्हती. कुणी तुमच्या डोक्यावर तांब्या उचलला तर मान खाली घालायची नाही. हसायचं नाही. मोजत उभं राहायचं नाही. तो वर गेलेला हात मनगटात धरायचा. शिवू नको म्हणून ओरडला तरी धरायचा. तांब्या खाली येईपर्यंत सोडायचा नाही.